दाताचा दवाखाना हाही आपला हक्क

दात किडला, हिरडीतून रक्त आले तर त्याला आपण आजार मानतच नाही. लवंग दाबायची, मशेरी लावायची आणि कामावर जायचे, ही कष्टकरी वस्त्यांची रीत. दाताने कुठे माणूस मरतो काय, असे आपण म्हणतो. विज्ञान मात्र आता वेगळे सांगू लागले आहे.

२०११ साली अमेरिका आणि कॅनडातील दोन संशोधक गटांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळला. हा जिवाणू मूळचा तोंडातला. दातांवरच्या किटणात आणि सुजलेल्या हिरड्यांत तो वाढतो. २०१७ साली उंदरांवरील प्रयोगात, हा जिवाणू असलेल्या गाठींवर प्रतिजैविक औषध दिले असता त्यांची वाढ मंदावली. २०२४ साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी सुमारे २०० रुग्णांच्या गाठी तपासल्या. जवळपास निम्म्या गाठींत या जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार निघाला. तो पोटातील आम्लातही तग धरू शकतो.

याचा अर्थ हिरडी सुजली की कर्करोग झालाच, असा मुळीच नाही. जिवाणू रोग सुरू करतो की सुरू झालेल्या रोगाला खतपाणी घालतो, याचा शोध चालू आहे. पण तोंड आणि शरीर वेगळे नाहीत, हे आता नाकारता येणार नाही.

अशी बातमी आली की बाजार जागा होतो. महागड्या गुळण्यांच्या बाटल्या आणि पेस्टच्या जाहिराती सुरू होतात. आणि गुटखा खाणारा म्हणतो, बघा, दोष जंतूचा! बांधवांनो, या दोन्ही फसवणुकींपासून सावध राहा. तोंडाच्या कर्करोगात आपल्या देशात पहिला गुन्हेगार तंबाखूच आहे.

आणि मशेरी म्हणजे काय? तव्यावर भाजलेली तंबाखूच. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. पण घरातल्या तव्यापर्यंत कोणती बंदी पोहोचणार? दुखऱ्या दाताला आराम पडावा म्हणून कित्येक आयाबहिणी मशेरीकडे वळल्या आणि व्यसनात अडकल्या. त्यांना दोष देण्यापूर्वी एक प्रश्न विचारा. दात दुखला त्या दिवशी त्यांच्यासाठी दवाखाना कुठे होता?

खरा मुद्दा हाच आहे. ताप आला तर सरकारी गोळी मिळते, दाताला मात्र खाजगी दवाखान्याचा रस्ता दाखवला जातो. रूट कॅनॉलचा खर्च रोजंदारीवरच्या माणसाला झेपत नाही. मग तो दात तरी काढून टाकतो, नाहीतर दुखणे अंगावर काढतो. गरिबाच्या तोंडाला आरोग्य व्यवस्थेने शरीराबाहेर ठेवले आहे!

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी दंतवैद्य बसलाच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला भरणाऱ्या आरोग्य शिबिरांत रक्तदाबाबरोबर तोंडाचीही तपासणी ठेवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्या माणसाला कार्यकर्त्याने स्वतः सोबत जाऊन रुग्णालयात दाखवावे. आणि प्रत्येक घरातील मशेरीचा तवा चुलीवरून कायमचा उतरवावा. हे काम कोणी बाहेरचा येऊन करणार नाही.