बिल्ला कुणाच्या छातीवर?

अणुऊर्जा नियामक मंडळाचा निकाल लागला. सगळे पास. तारापूर पास, कैगा पास, रावतभाटा पास. दरवर्षी निकाल लागतो नि दरवर्षी सगळे पास होतात. मंडळाचा वार्षिक अहवाल उघडा. केंद्रं सुरक्षित चालली. कामगारांच्या अंगात गेलेला डोस मर्यादेत. समुद्रात नि हवेत सोडलेलं मर्यादेच्या कितीतरी खाली. क्वचित एखादा मर्यादेबाहेर गेलाच तर त्याची चौकशी होऊन प्रकरण मिटलेलं. ज्या शाळेत एकही पोरगं कधी नापास होत नाही त्या शाळेचा मास्तर कसा असतो, हे आपल्याला सांगायला नको.

हे मी आंजर्ल्यात बसून लिहितोय. मे महिना आहे. मुंबईची पोरं गावी आलीत, नायगाव, वरळी, घाटकोपर, सगळी. पुढाऱ्यांचा नकाशा घ्या नि त्यावर आंजर्लं शोधा. वर तारापूर, १९६९ पासूनचं. खाली राजापूर तालुक्यात माडबन-जैतापूर, जिथं एकेक १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या बसवायच्या म्हणून ९३८ हेक्टर जमीन घेऊन ठेवलीय. मधे दाभोळ, जिथं एन्रॉननं कोकणाला सोन्याचं करतो म्हणून सांगितलं नि २००१ साली दिवे बंद करून गेली. या किनाऱ्याला सर्टिफिकेटं वाचायची सवय झालीय.

तर विहाराच्या ओट्यावर आम्ही तो अहवाल वाचत होतो. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होतो. माझा चुलता ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "बरं. ह्यात माझा आकडा कुठं हाय?"

काकाचा आकडा कुठं असणार? काका बारा वर्षं एका ठेकेदाराकडं हेल्पर होता. पाइपाच्या जोडाचे फोटो काढायचं काम. पोलादातनं आरपार जाणारा किरण लागतो त्याला, त्यासाठी एका जड पेटीत इरिडियमची गोळी असते. काम रात्रपाळीचं, कारण रात्री बाकीचे लोक हटवलेले असतात. म्हणजे बाकीच्यांना हटवायचं नि काकाला पेटी उचलायला लावायची. ऑपरेटरच्या छातीला डोस मोजायचा बिल्ला. काकाच्या छातीला काय? शर्टाचं बटण. तेही कधी असायचं, कधी नसायचं. साहेब तपासणीला येणार असला की ठेकेदार कुठूनतरी एक बिल्ला आणून काकाला लावायचा, साहेब गेला की काढून घ्यायचा. काकाच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडून वाळली. कशानं, हे कुठल्याच डॉक्टरनं लिहून दिलं नाही. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. काकाच्या हातात तिचा एक कागद नाही, मग नावाचा उपयोग काय?

काकाचं काम अणुवीज केंद्रातलं नव्हतं, हे मला कळतं. पण ती पेटीही याच मंडळाच्या देखरेखीखाली येते. आणि ती देखरेख कशी चालली होती ते मी सांगत नाही, भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ साली संसदेला सांगितलंय. देशातली ९१ टक्के एक्सरे यंत्रं मंडळाकडं नोंदलेलीच नव्हती. नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त दंड पाचशे रुपये. पाचशे! आमच्या खाडीत बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा पाचशे रुपयांत झाकणही उघडत नाही.

आता मुद्द्याचं. मोजतात कसं?

दोस्तांनो, हे गणित डोक्यात पक्कं बसवा. भट्टी चालू असताना माणूस तिच्या जवळ जात नाही. डोस खाल्ला जातो तो भट्टी बंद करून दुरुस्ती काढतात तेव्हा. पाइप कापायचा, व्हॉल्व्ह बदलायचा, फरशीवर सांडलेलं फडक्यानं पुसायचं, फडकी पिंपात भरायची. समजा अशा एका कामात सगळ्यांचा मिळून शंभर मिलीसिव्हर्ट डोस जाणार आहे. पाच माणसांनी केलं तर प्रत्येकी वीस. पन्नास माणसांनी केलं तर प्रत्येकी दोन. आपल्याकडं एका माणसाला एका वर्षात तीसच्या वर जाऊ द्यायचं नाही नि पाच वर्षांची सरासरी वीस ठेवायची, असा नियम आहे. म्हणजे पन्नास जण आणले की अहवाल एकदम देखणा. शंभर आणले की आणखी देखणा. शंभरच्या शंभर मिलीसिव्हर्ट कुणाच्या ना कुणाच्या हाडामासात गेलेच, त्यातला एकही कमी झाला नाही. फक्त वाटला गेला. वाटून घ्यायला कोण आले? कायम नोकरीवाला इंजिनिअर काही पन्नास जणांत उभा राहत नाही. ठेकेदार नाक्यावरनं उचलून आणतो ते राहतात.

आणि डोस थोडा असला की काही होत नाही, असं किरणोत्सर्गाचं शास्त्र म्हणत नाही. जगभरच्या संरक्षणाच्या नियमांचा पायाच असा की डोस वाढेल तसा कॅन्सरचा धोका वाढतो, आणि याच्याखाली धोका शून्य अशी पायरी धरायची नाही. मर्यादा म्हणजे सरकारनं मान्य केलेला धोका. कुणाच्या वतीनं मान्य केला? काकाला कुणी विचारलं होतं?

कैगाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००९. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमधे कुणीतरी ट्रिटियमचं जड पाणी मिसळलं, पन्नासच्या वर कामगारांच्या पोटात गेलं. कळलं कसं? त्यांच्या लघवीची नेहमीची तपासणी होत होती म्हणून. ठीक, तिथं यंत्रणा चालली, हे मान्य करायला माझी जीभ झडत नाही. पण याचाच दुसरा अर्थ बघा. ज्याची लघवी तपासली, त्याच्या पोटात गेलं हे कळलं. ज्याची कुणी तपासतच नाही तो कायम तंदुरुस्त. एप्रिल २०१० मधे दिल्लीच्या मायापुरीच्या भंगारबाजारात कोबाल्टची गोळी फुटली. दिल्ली विद्यापीठानं वापरात नसलेलं जुनं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलेलं. प्रोफेसरांना कळलं नाही, मंडळाला कळलं नाही. सगळ्यात आधी कळलं ते भंगार फोडणाऱ्याच्या कातडीला. एक जण मेला, बाकीचे होरपळले.

आपल्यातले काही जण म्हणतील, हा आपला प्रश्न नाही. नोकऱ्यांचा अनुशेष, अत्याचार, शिष्यवृत्त्या, ते आपलं. अणूबिणू पांढरपेशांना करू द्या. परवा वरळीतल्या एका मित्रानं मला हेच ऐकवलं. वर म्हणाला, बाबासाहेबांना वीज हवी होती, तुम्ही विजेच्या आड येताय. अरे, हवीच होती. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा विजेचं खातं त्यांच्याकडं होतं, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळातलं. त्यांचं आंबडवे इथून शेजारच्या तालुक्यात, दापोलीच्या कॅम्पात त्यांच्या लहानपणाची वर्षं गेली. आम्हाला वीज नको असं कोण म्हणतोय? पण हे विसरू नकोस, विजेचं खातं नि मजुराचं खातं एकाच माणसाकडं होतं. आजच्या अहवालात मेगावॅटचा रकाना आहे. त्या मजुराचं गाव कुठलं, नोकरी सुटल्यावर दहा वर्षांनी तो जिवंत आहे का, याचा रकाना दाखव मला.

बरं, हा निकाल लावणारा मास्तर कुणाचा? मंडळ १९८३ साली सरकारच्या एका हुकमानं जन्मलं, कायद्यानं नाही. हिशेब द्यायचा अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचा सचिव. केंद्रं चालवणारं महामंडळ त्याच खात्याचं. म्हणजे पाटलाच्या वाड्यात खून, पंच पाटलाचा भाऊ, नि पंचनामा पाटलाच्या ओसरीवर. आत बसून ज्यांनी तोंड उघडलं त्यांचं काय झालं? ए. गोपालकृष्णन १९९३ ते ९६ मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, १९९५ साली, देशातल्या केंद्रांमधल्या शंभरावर त्रुटींची यादी तयार झाली. ती लोकांसमोर ठेवली नाही, गोपनीय राहिली. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्र नि त्याचे कारखाने मंडळाच्या देखरेखीतून काढूनच घेतले. तारापूरला वीज बनवतात ते मंडळ तपासणार, नि त्याच तारापूरला जळकं इंधन ॲसिडात विरघळवतात ते भाभावाले स्वतःचं स्वतः तपासणार.

२०११ साली स्वतंत्र प्राधिकरणाचं बिल लोकसभेत आणलं, २०१४ साली ते लोकसभेबरोबर मेलं. डिसेंबर २०२५ मधे संसदेनं नवा कायदा केला. नाव ठेवलंय 'शांती'. त्यात मंडळाला एकदाचा कायद्याचा दर्जा दिला, चांगली गोष्ट आहे. पण त्याच कायद्यानं खाजगी कंपन्यांना दार उघडलं, नि अपघात झाला तर खराब माल पुरवणाऱ्या कंपनीकडं बोट दाखवायची २०१० च्या कायद्यातली सोय काढून टाकली. परीक्षकाला खुर्ची दिली नि परीक्षा सोपी केली. आता खाजगी केंद्रात ठेकेदाराच्या खाली उपठेकेदार, त्याच्या खाली मुकादम. त्या उतरंडीच्या तळाला कोण आहे ते ओळखायला कुठल्या यंत्राची गरज नाही.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. भट्टी कधीतरी मरते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या पन्नाशी ओलांडून गेल्या, २०२० साली बंद करून पाइपांची मोठी दुरुस्ती काढली. कधीतरी त्या कायमच्या थांबतील. मग ते धूड तोडायचं, कापायचं, पुसायचं, उचलायचं. महालेखापरीक्षकांनी २०१२ मधे नेमकं हेच विचारलं होतं, नि त्यांना दिसलं ते असं की तीस-तीस वर्षं चाललेल्या केंद्रांकडंसुद्धा मोडणीचा आराखडा नाही. गावात ढोर मेलं की पाटलाकडं तरी कुठं आराखडा असायचा? त्याला ठाऊक असायचं कुणाला हाक मारायची. आपल्या बापजाद्यांनी ढोर ओढायचं सोडलं, त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, नि आता हे हजारो टनांचं ढोर ओढायला कोण येणार म्हणून खात्याला चिंता नाही. का नाही, विचारा.

आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात. उन्हाळ्यात बघायला लोक येतात, गाड्या लावायला जागा नसते. घरट्यातलं एकेक अंडं हातात घेऊन मोजतात, वहीत लिहितात, कुंपणाच्या आत पुरतात, नि पिल्लं किती समुद्रात गेली तेही लिहितात. माझा त्याला विरोध नाही. पिल्लं पाण्याकडं पळतात तेव्हा मीही उभा राहून बघतो. पण वही कशी ठेवायची, हे या देशाला कळत नाही असं कुणी मला सांगू नये. जैतापूरला मोजायला आले तेव्हा आंब्याची झाडं मोजली, सातबारा बघितले. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो दुसऱ्याच्या बागेत राखण करतो, दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढतो, तो कुठल्या खात्यात धरायचा? १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्याच्या मच्छीमारांवर गोळी चालली, एक तरुण गेला. गोळी मात्र नेमकी मोजून मारतात.

तर आम्ही त्या दिवशी ओट्यावरच वही काढली. शंभर पानी, पोराची, मागं पाढे छापलेली. वाडीतनं नि आसपासच्या वाड्यांतनं कोण कोण असल्या कामावर गेलं होतं, केंद्रात, रिफायनरीत, जिथं पेटी नि गोळी असते तिथं, ते लिहायला घेतलं. नाव, साल, ठेकेदार, काम काय, किती दिवस, बिल्ला होता की नव्हता, आता तब्येत कशी. संध्याकाळपर्यंत अकरा नावं झाली. त्यातले तीन वारलेले, त्यांचं बायकांनी सांगितलं. बिल्ल्याच्या रकान्यात नऊ जणांपुढं 'नाही' लिहिलंय. दोघांना बिल्ला म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

तुमच्या चाळीत, तुमच्या झोपडपट्टीत विचारा. वही घ्या नि रकाने आखा. पुढच्या अंकाच्या आधी आणून द्या. काकानं स्वतःचं नाव पहिलं लिहायला लावलं, आणि अंगठा न लावता सही केली, डाव्या हातानं.