लिंबू-मिरची आणि टायरची हवा

चितेगावहून पैठण रस्त्याने शहर ओलांडून समृद्धी महामार्ग गाठला, की मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा! २०२५च्या जूनमध्ये हा रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला. निघताना आपण काच पुसतो, लिंबू-मिरची बांधतो. टायरकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. वर 'उन्हाळ्यात हवा कमीच बरी' हा समज! वस्तुतः कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. हवा टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकीच भरावी. साधारण दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाके आलटून-पालटून लावावीत, नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्याआधीच टायर बदलावा. सारे घरदार या चार चाकांच्या भरवशावर निघालेले असते. लिंबू जरूर बांधा. पण हवा तपासूनच!