विचारपुशीचे पैसे

जुलैतली सकाळ. बिडकीनच्या एका सेवा केंद्रात पीकविम्यासाठी रांग. एका काकांनी सातबारा, आधार आणि पासबुक टेबलावर ठेवलं. “कापूस टाक बाबा.”

केंद्रचालकाचा हात कीबोर्डवर गेला आणि थांबला. “काका, मागच्या साली तुमच्या गटावर तूर आहे. औंदा नक्की काय लावलंय?”

“कापूसच. तूर नुसती कडंनं. धाकट्या भावानं पेरलंय समदं.”

“म्हणजे खातं सामाईक. मग भावाचं संमतीपत्र आणा. आणि पेरा खरा तोच लिहू. पुढं ई-पीक पाहणीत दुसरंच निघालं तर अर्ज बाद होईल.”

काका कुरकुरत उठले. वीस मिनिटं गेली, फॉर्म मात्र भरला गेला नाही.

इथून जवळच 7,855 एकरांचं औद्योगिक क्षेत्र आहे. अशा क्षेत्रातल्या कारखान्यात यंत्रमानवाभोवती जाळी असते. त्याचं काम कुठं संपतं हे जमिनीवरच आखलेलं असतं. सेवाधंद्यात अशी रेघ नाही, कारण गिऱ्हाईक जे मागतं आणि त्याला जे हवं असतं, ते दर वेळी एकच नसतं. काकांनी मागितला फॉर्म. हवी होती भरपाई.

फॉर्म भरणं यंत्राला खुशाल द्यावं. कागद वाचणं, आकडे उतरवणं, नावांतला फरक दाखवणं ते न थकता करेल. कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲप 2025 पासून मराठीत सल्ला देतंय. ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी राज्यानं त्याच वर्षी मेटाशी करार केला. तालुक्याची एक खेप वाचत असेल तर कोण नाही म्हणेल? तूर आणि कापसातला फरकही यंत्र उद्या पकडेल. पण ‘काय बी लिही, पैसे मिळाल्याशी कारण’ म्हणणाऱ्या माणसाला समजावून, त्याचा राग झेलून परत पाठवायचं काम ओळखीच्या माणसाचंच.

स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनं 2024 मध्ये सांगितलं, ग्राहकसेवेतला आमचा एआय-सहायक 700 जणांचं काम करतो. पुढच्याच वर्षी दर्जा घसरल्याचं मान्य करून तिनं पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. मोजलेलं काम यंत्रानं उचललं होतं. न मोजलेलं उघड्यावर पडलं.

आपल्याकडेही तीच मेख आहे. पीकविम्याच्या अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून 40 रुपये मिळतात. हे पैसे फॉर्मचे; विचारपूस त्यावर फुकट. उद्या सगळेच फॉर्म मोबाइलवर गेले की 40 रुपये जातील, आणि त्यांच्या आधारानं चाललेली विचारपूसही जाईल. मग अर्ज बाद झालेल्या काकांनी कुणाचं दार ठोठावायचं?

म्हणून कामाची वाटणी करताना मोबदल्याचीही करा. फॉर्म यंत्राकडे गेला तरी अडलेलं प्रकरण मार्गी लावणाऱ्याला प्रकरणामागे मेहनताना द्या, आणि चूक दुरुस्त करायचा अधिकारही. नुसता ‘तक्रार नोंदवली’ म्हणणारा माणूस ठेवायचा असेल, तर यंत्रच बरं.

काका दुसऱ्या दिवशी संमतीपत्र घेऊन आले. चालकाच्या खात्यावर 40 रुपये लागले ते त्या दिवसाचे. आदल्या दिवसाची वीस मिनिटं कुठल्याच हिशेबात नाहीत.