झाकली मूठ उघडा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून पैशांसाठी फोन आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळातले बरेच जण दोनपैकी एक करतात. मुकाट्याने रक्कम पाठवतात, नाहीतर ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं सुनावून फोन ठेवतात. हल्ली तिसरं उत्तरही कानावर येतं : ‘इकडे लोक सरळ दिवाळखोरी जाहीर करतात, तूही करून टाक.’ या तिन्ही उत्तरांनी माणूस कर्जातून सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याला आधी आपला वेळ हवा असतो. पैशांचं त्यानंतर बघता येतं.

आधी दिवाळखोरीबद्दल. अमेरिकेतल्या ‘चॅप्टर सेव्हन’सारखी सोय भारतातल्या नोकरदाराला नाही. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला आहे. बाकीच्यांसाठी ठाणे जिल्ह्यात अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. पाचशे रुपयांच्या कर्जालाही त्यात अर्ज करता येतो, पण नादारी जाहीर झाली की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते आणि गहाण घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. ज्याची आयुष्याची कमाई म्हणजे बदलापुरातला वन बीएचके, त्याने ही वाट का धरावी?

गेल्या डिसेंबरात मी बदलापूरच्या कात्रपला मावशीकडे गेले होते. मावसभाऊ अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत नोकरीला आहे, पगार हातात ३८,००० रुपये. रात्री जेवणं आटोपल्यावर त्याने कपाटामागून बिस्किटांचा डबा काढला. त्यात पावत्या, नोटिसा, बँकेची पाकिटं कोंबलेली होती. ‘ताई, हिला यातलं निम्मंच माहीत आहे,’ तो म्हणाला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आली, शेजारी बसली आणि मुलीच्या वहीची मागची पानं उघडून म्हणाली, ‘सांगा, मी लिहिते.’

घराचं कर्ज १८ लाख, व्याज ९ टक्के, हप्ता १६,२०० च्या आसपास. क्रेडिट कार्डावर १,८०,०००. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले ४०,०००. कार्डाचे ‘मिनिमम ड्यू’ म्हणून तो दरमहा ९,००० भरत होता आणि आपण नियमित आहोत असं समजत होता. आम्ही हिशोब मांडला. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ६,३०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. म्हणजे नऊ हजारांतले ७,४३४ वाऱ्यावर गेले आणि मुद्दल घटलं १,५६६ रुपयांनी. ते भरून जी चणचण व्हायची ती भागवायला अ‍ॅपचं कर्ज. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. कर्जाची मूठ झाकली तर तिचे सव्वाचे दीड आणि दीडाचे दोन लाख होतात.

वही भरली आणि वाट दिसली. बायकोच्या बांगड्यांवर बँकेतून महिना एक टक्क्याने सोनेतारण कर्ज घेऊन कार्ड पूर्ण फेडायचं, आणि त्याच दिवशी ते बंद करायचं. तेच नऊ हजार आता २३ महिन्यांत कर्ज संपवतील. कार्डावर तेवढेच भरत राहिला असता तर ४४ महिने लागले असते. बांगड्या गहाण टाकायला मन घेत नाही, हे मला कळतं. पण कार्ड चालू ठेवून सोनं गहाण टाकलं तर दोन्ही जातील, म्हणून आधी कार्ड कापायचं.

उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या लहान दुकानदाराचं गणित वेगळं. त्याच्याकडे रोज संध्याकाळी ‘डेली कलेक्शन’वाला येतो. दहा हजारांचं कर्ज, हातात नऊ, रोज शंभर रुपये, शंभर दिवस. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाच्या हिशोबात हे व्याज ऐंशी टक्क्यांच्या घरात जातं. विनापरवाना सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. बँकेच्या वसुलीवाल्यांवरही बंधनं आहेत : सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे नियम भेदरलेल्या माणसाला ठाऊक नसतात. ते त्याला सांगणं हेही आपलंच काम.

कुणी म्हणेल, पगार पुरतच नसेल तर याद्या करून काय होणार? खरं आहे. घराचा हप्ताच पगार गिळत असेल तर घर आपण होऊन विकावं. हप्ते ९० दिवस थकले की खातं बुडीत धरलं जातं, मग ६० दिवसांची नोटीस येते आणि पुढे लिलाव. स्वतः विकलेल्या घराला चार पैसे जास्त येतात. जे कर्ज खरोखरच फिटण्यासारखं नाही, त्यासाठी बँकेशी तडजोड करावी. मात्र पैसे भरण्याआधी पत्र लेखी घ्यावं, आणि सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो हे ओळखून पाऊल टाकावं. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी पक्की असते, तिच्यावर अपील नाही.

आता आपण पैसे पाठवण्याबद्दल. जरूर पाठवावेत, पण वही पाहिल्यानंतर, सगळ्यात महाग कर्जासाठी, आणि शक्यतो थेट त्या कर्जखात्यात. एक गोष्ट ध्यानात असू द्या : भारतीय प्राप्तिकरात सख्खी भावंडं ‘नातेवाईक’ आहेत, मावस-चुलत भावंडं नाहीत. त्यांना वर्षात ५०,००० रुपयांवर भेट दिली तर सगळ्या रकमेवर त्यांना कर लागतो. उसने दिलेत तर तसं लेखी ठेवा.

आपल्या मंडळात बँकेत काम केलेले, हिशोब तपासणारे कितीतरी जण आहेत. महिन्यातला एक रविवार, व्हिडिओ कॉलवर एक तास, एवढं त्यांनी दिलं तरी तिकडच्या एखाद्या घराची वही भरेल. माझ्या भावाचा आता दर महिन्याच्या सात तारखेला फोन येतो. वही बायकोच्या हातात असते आणि शिल्लक रक्कम तीच वाचून दाखवते. बिस्किटांच्या डब्यात पुन्हा बिस्किटं आली आहेत.