सैतानाचं नाव घेऊन दिलेली खोटी साक्ष



अमुक कंपनी सैतानाची आहे, तिचा माल घरात आणू नका, हा मजकूर प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला पाठवा, असे संदेश आपल्यात श्रद्धेने फिरवले जातात. त्यांच्याविरुद्ध आज स्पष्ट लिहीत आहोत, कारण ते पाठवणारे बहुतेक वेळा भाविकच असतात.

एक जुना दाखला घेऊ. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातली कंपनी. १८३७ साली मेणबत्त्या आणि साबणावर तिचा धंदा सुरू झाला. आपल्याकडचं एरियल आणि व्हिक्स तिचंच. तिच्या जुन्या चिन्हात चंद्रातला दाढीवाला चेहरा आणि १३ तारे होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बोलवा उठली की हे सैतानाचं चिन्ह आहे, दाढीच्या वळणांत ६६६ दडलंय आणि नफा सैतानाच्या चर्चला जातो, असं कंपनीच्या अध्यक्षाने फिल डोनाह्यू यांच्या टीव्ही कार्यक्रमात कबूल केलंय. याची पत्रकं चर्चमध्येही वाटली गेली.

आता पुरावा तोलून पाहा. १३ तारे अमेरिकेच्या मूळ १३ वसाहतींचे. चिन्हाची सुरुवात मेणबत्त्यांच्या खोक्यांवर ओळखीसाठी केलेल्या खुणेतून झाली. अध्यक्ष त्या कार्यक्रमात कधी गेलेच नव्हते. पुढे अफवेने कार्यक्रमच बदलला. आता सॅली जेसी राफेल यांचं नाव आलं आणि तारीख १ मार्च १९९८. तो रविवार होता, आणि तो कार्यक्रम रविवारी नसायचाच. देशभर दिसलेल्या म्हणे त्या कबुलीची चित्रफीत कुणापाशीच नव्हती. प्रत्येकाने ती ‘दुसऱ्या कुणाकडून’ ऐकलेली.

बिली ग्रॅहम आणि जेरी फॉलवेल यांच्यासारख्या धर्मोपदेशकांनी ही गोष्ट खोटी असल्याचं सांगितलं, तरी ती थांबली नाही. १९८५ मध्ये कंपनीने पाकिटांवरून ते चिन्ह काढून टाकायला घेतलं. शेवटी २००७ मध्ये ज्युरीने ॲमवेच्या चार माजी वितरकांना ही अफवा पसरवल्याबद्दल १ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. भाविकांची भीती फिरत राहिली आणि त्या आडून धंद्यातली स्पर्धाही चालली. हे ध्यानात ठेवावं.

काही जण म्हणतात, “आगीशिवाय धूर निघतो का?” इथे आग कुठेच नव्हती. होता तो फक्त धूर, आणि तो आपल्यासारख्यांनीच फुंकून वाढवला होता. “हेतू चांगला होता,” असंही म्हणतात. निर्गम २०:१६ मधली आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई करते. चांगल्या हेतूने दिली तर चालेल, अशी सवलत तिथे नाही. अनुवाद १९:१५ एका साक्षीदारावर कुणाला दोषी धरू देत नाही. इथे तर एकही साक्षीदार नाही.

“एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?” हा तिसरा बचाव. फरक तिथे काम करणाऱ्यांना पडतो, माल ठेवणाऱ्या दुकानदाराला पडतो. आणि सत्यालाही पडतो. कंपन्यांकडे मजुरी, भाव, प्रदूषण यांचा जाब मागायलाच हवा. पण ज्याने काल ६६६ ची गोष्ट सांगितली, त्याची खरी तक्रार उद्या कोण ऐकेल?

आणखी एक, जरा कडू बोलतो. आपण संख्येने थोडे. आपल्या प्रार्थनासभांबद्दल, शाळांबद्दल, दवाखान्यांबद्दलही ऐकीव गोष्टी फिरतात. तेव्हा आपण विचारतो, “पुरावा कुठाय?” रास्तच विचारतो. मग दुसऱ्याच्या बाबतीत तोच प्रश्न का विचारू नये? दोन प्रकारची वजनं बाळगणं देवाला किळसवाणं वाटतं, असं नीतिसूत्रे २०:१० बजावतं. घ्यायचं माप एक आणि द्यायचं दुसरं, हे बाजारात चालत नाही. मग वेदीपुढे कसं चालेल?

म्हणून पुढचा संदेश आला की आधी पाहावं: हे स्वतः कुणी पाहिलंय, त्याचं नाव काय? तारीख आणि ठिकाण पडताळता येतं का? समोरच्याचं म्हणणं आपण ऐकलंय का? हे विकून किंवा पसरवून कुणाचा फायदा होतोय? उत्तरं मिळाली नाहीत तर संदेश तिथेच थांबवावा. आणि आधी पाठवलेला खोटा निघाला, तर ज्यांना पाठवला त्या प्रत्येकाला तसं कळवावं. नुसता पुसून टाकणं पुरेसं नाही.

प्रभू आपल्या जिभेवर, आणि आता बोटांवरही, पहारा ठेवो. आमेन.