पोत्यातलं पुण्य

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आपल्या आज्या सांगत आल्या. त्यामुळे मांजर मारायला कुणी धजत नाही. पण घरच्या मनीची पिल्लं जरा धावू लागली की त्यांना पोत्यात घालून रात्रीच मासळी बाजारात सोडून येताना कुणाचा हात थरथरत नाही. ‘तिथं खायला मिळतं हो त्यांना,’ एवढं म्हटलं की झालं. तिथले बोके, कुत्री आणि टेम्पोची चाकं यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मांजरीच्या ऑपरेशनचा विषय काढला की मात्र हीच मंडळी एकदम दयाळू होतात. आमच्या मजल्यावरच्या काकू परवा म्हणाल्या, “एकदा तरी बाळंत होऊ दे हो बिचारीला. मुक्या जिवाचं आईपण हिरावायचं म्हणजे पाप.” मी विचारलं, “काकू, मागच्या खेपेची पिल्लं कुठायत?” काकू म्हणाल्या, “ती ना? ह्यांनी सोडली मंडईत.”

एकदा व्यायल्याने मांजरीच्या तब्येतीला काडीचाही फायदा होत नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या कॅन्सरचा धोका बराच घटतो आणि गर्भाशयात पू होण्याचं दुखणंही टळतं. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, काही तर त्याआधीच येतात. मग ती फरशीवर गडबडा लोळते, मागचा भाग उचलून धरते, रात्रभर तान्ह्या मुलासारखी रडते. घरच्यांना वाटतं, पोटात दुखतंय. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मिळाला तर नऊ आठवड्यांत पिल्लं. आणि ती अंगावर पीत असतानाच बाई पुन्हा गाभण राहू शकतात. माज थांबवायची गोळी किंवा इंजेक्शन हा त्यावरचा सोपा उपाय वाटतो खरा, पण त्याच औषधांनी गर्भाशयाची आणि स्तनांची दुखणी मागे लागतात.

बोक्याचं ऑपरेशन तर आणखी सोपं. काही मिनिटांचं काम, बहुतेकदा टाकेही लागत नाहीत. दारं-पडदे भिजवणं कमी होतं, मारामाऱ्या कमी होतात आणि चाव्यांतून पसरणारे रोगही. तरी पुरुषमंडळी कळवळतात, ‘त्याचं कशाला? पिल्लं काय आपल्या घरात होणारेत?’ यात नवल नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्री नसबंदी सुमारे ३८ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के निघाली. घरात जे चालतं तेच बोक्यालाही लागू.

ऑपरेशननंतरचे दिवस जपायचे असतात, हे खरं. भुलीतून उठलेली मांजर झोकांड्या खाते, म्हणून तिला उंचावर चढू द्यायचं नाही. टाके चाटू नयेत म्हणून आमच्या मनीला भाचीचं जुनं झबलं घातलं, मागच्या पायांसाठी दोन भोकं पाडून. झबलं अंगात जाताच ती आडवीच झाली. उठवलं तर दोन पावलं उलटी चालली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. संध्याकाळी बोंबलाचा वास आला तेव्हा झबल्यासकट ओट्याखाली हजर. एक मात्र लक्षात ठेवा: दुखत असेल म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तिला कधीही देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे. पुढे अंगाने सुटू नये म्हणून खाणं थोडं आवरायचं, इतकंच.

तेव्हा मनी किंवा बोका चार महिन्यांचा झाला की जनावरांच्या डॉक्टरांना गाठा आणि ऑपरेशन कधी करायचं ते ठरवून टाका. जिन्याखालच्या मांजरीला रोज दूध घालत असाल तर सोसायटीत वर्गणी काढून तिचंही करून घ्या. पाप कुठे असेलच तर ते डॉक्टरांच्या टेबलावर नाही, रात्री बाजारात रिकाम्या होणाऱ्या त्या पोत्यात आहे.