जर-तरच्या पलीकडचा खेळाडू

(तृतीय वर्ष, कला)

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. जर-तरची भाषा करणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी ती वापरतात. पण क्रीडाप्रेमी माणूस या म्हणीला मुळीच जुमानत नाही. त्याचे निम्मे आयुष्य जर-तरमध्येच जाते. तो झेल सुटला नसता तर, पाऊस पडला नसता तर, आणि सर्वांत जिव्हाळ्याचा 'तर' म्हणजे, त्याचा गुडघा मोडला नसता तर! अशाच एका खेळाडूच्या गुडघ्यांविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. खेळाडू आपल्या देशातला नाही, खेळही आपला नाही. वाद मात्र आपल्या जिमखान्याच्या पायरीवर रोज संध्याकाळी होतो तोच आहे.

माझा एक मावसभाऊ शिक्षणासाठी अमेरिकेत, साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरी गेला. तेथील विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे त्याला असे वेड लागले की, दिवाळीत घरी आल्यावर फराळाची ताटली हातात घेऊन तो त्याच गोष्टी सांगत बसला. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत होते, मार्कस लॅटिमोर. भाऊ तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी हा खेळाडू विद्यापीठ सोडून गेला होता. तरीही सामना संपला की वसतिगृहातली मुले त्याच्यावरून अजून हमरीतुमरीवर येतात म्हणे. नंतर मी मोबाईलवर त्याचे जुने सामने पाहिले, त्याच्याविषयी मिळेल ते वाचले, आणि मीही त्या वादात ओढला गेलो.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे प्रथमच सांगितलेले बरे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचे, आणि समोरच्यांनी त्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा हा खेळ. मैदानाची लांबी शंभर यार्ड. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. चेंडू छातीशी धरून या गर्दीत शिरणारा जो धावक असतो, त्याची स्थिती आपल्या कबड्डीतल्या चढाई करणाऱ्या गड्यासारखी असते. सगळे डोळे त्याच्यावर आणि सगळे हात त्याच्या पायांवर.

लॅटिमोर हा असा धावक होता. त्याच राज्यातल्या डंकन या लहानशा गावचा. २०१० साली तो विद्यापीठात आला आणि पहिल्याच वर्षी त्याने १,१९७ यार्ड धाव घेऊन १७ टचडाऊन केले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्ध त्याने चाळीस वेळा चेंडू नेला, २१२ यार्ड मिळवले आणि तीन टचडाऊन केले. संघ ३६-१४ असा जिंकला. साउथ कॅरोलायना १९९२च्या मोसमापासून साउथईस्टर्न कॉन्फरन्स या बलाढ्य संघटनेत खेळत होता, पण तिच्या पूर्व विभागाचे विजेतेपद त्याला त्या दिवशी प्रथमच मिळाले. अठरा वर्षे ज्याची वाट पाहिली, ते एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पायांनी आणून दिले!

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १५ ऑक्टोबर २०११ रोजी मिसिसिपी स्टेटविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि मोसम संपला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला, आणि २०१२ मध्ये तो परतला. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी कोलंबियातच टेनेसीविरुद्ध खेळताना उजव्या गुडघ्यावर धडक बसली. सांधा निखळला, स्नायुबंध तुटले. ऐंशी हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील एवढे ते क्रीडांगण क्षणात मुके झाले. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात उतरून त्याच्याभोवती उभे राहिले. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. राज्याच्या गव्हर्नर निकी हेली यांनी तो दिवस त्याच्या नावाने जाहीर केला. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला चौथ्या फेरीत निवडले, पण तो त्या संघाकडून एकही सामना खेळू शकला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, नुकतीच तेविशी पूर्ण केलेल्या या तरुणाने निवृत्ती जाहीर केली.

आता वाद. भावाच्या सांगण्यावरून आणि माझ्या वाचनावरून या वादात तीन पक्ष दिसतात.

पहिला पक्ष जर-तरवाल्यांचा. त्यांच्या मते गुडघे शाबूत राहिले असते तर विद्यापीठाचा सर्वश्रेष्ठ धावक हाच ठरला असता. या विद्यापीठाचा जॉर्ज रॉजर्स १९८० साली हाइझमन पारितोषिकाचा मानकरी झाला. महाविद्यालयीन फुटबॉलमधला हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान. चार मोसमांत त्याने सुमारे पाच हजार यार्ड धाव घेतली. लॅटिमोरच्या खात्यावर तीन अपुऱ्या मोसमांत २,६७७ यार्ड आहेत. उरलेले यार्ड हा पक्ष कल्पनेने भरून काढतो.

दुसरा पक्ष हिशेबी लोकांचा. ते म्हणतात, झाले ते मोजा. खेळाडू उत्तम, पण काचेचे भांडे. पहिल्याच वर्षी केंटकीविरुद्ध त्याचा घोटा दुखावला, वर्षअखेरच्या सामन्यात तो सुरुवातीलाच जायबंदी होऊन बाहेर गेला, आणि पुढे दोन्ही गुडघे. शिवाय त्याच्या वाचून संघाचे काय अडले? २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही मोसमांत संघाने अकरा सामने जिंकले व दोनच गमावले. पहिल्या दोन मोसमांत तो अर्ध्यावर गेला, तिसऱ्यात तर तो नव्हताच.

तिसरा पक्ष प्रशिक्षकांना दोष देणाऱ्यांचा. पहिल्या वर्षी जॉर्जियाविरुद्ध ३७ वेळा, फ्लोरिडाविरुद्ध ४० वेळा, दुसऱ्या वर्षी नेव्हीविरुद्ध पुन्हा ३७ वेळा एकाच पोराच्या हाती चेंडू द्यायचा, म्हणजे चांगल्या बैलाला नांगराला जुंपून त्यालाच पुन्हा मोटेलाही जुंपण्यासारखे नाही काय?

तिन्ही पक्षांत थोडेथोडे सत्य आहे. पण तिघांचेही कोठेतरी चुकते आहे असे मला वाटते.

हिशेबी पक्षापासून सुरुवात करू. 'काचेचे भांडे' हे विशेषण ऐकायला साधे वाटते, पण ते मोठे सोयीचे आहे. एखादा खेळाडू मुळातच ठिसूळ होता असे एकदा म्हटले की, पुढचे सारे प्रश्न मिटतात. मोडणारच होता, मोडला! प्रत्यक्षात काय घडले? पहिला गुडघा मोडला तेव्हा चेंडू त्याच्या हातात नव्हता. तो दुसऱ्यासाठी वाट अडवून धरण्याचे काम करीत होता. दुसरा मोडला तो नियमात बसणाऱ्या धडकेने. गुडघा पुढेमागे वाकण्यासाठी घडलेला सांधा आहे. बाजूने शंभर किलोचा माणूस आदळला तर तो कोणाचाही मोडेल. ज्याच्याकडे चेंडू अधिक वेळा जातो, त्याला धडका अधिक बसतात. जो सर्वांत उपयोगी, त्यालाच सर्वांत जास्त मार, हा त्या जागेचाच धर्म आहे. त्यात शरीराचा दोष किती आणि कामाचा किती, हे न पाहता विशेषण चिकटवणे हा अन्याय आहे.

संघ त्याच्याशिवाय जिंकला हे खरे. पण कोणता संघ? २०११ पूर्वी त्या विद्यापीठाने एका मोसमात अकरा विजय कधी पाहिलेच नव्हते. राज्यातली गुणी मुले राज्यातच खेळली तर काय होते, याचा प्रत्यय ज्यांनी आणून दिला त्यांत लॅटिमोर अग्रभागी होता. २०११ मध्ये त्याच राज्यातल्या रॉक हिल गावच्या जेडेव्हियन क्लाउनीनेही हेच विद्यापीठ निवडले. पाया रचणारा माणूस घराच्या वास्तुशांतीला हजर नव्हता म्हणून पाया त्याचा नव्हे असे कसे म्हणता येईल?

प्रशिक्षकांना दोष देणारा पक्ष मला अधिक जवळचा वाटतो, पण तोही अर्ध्या वाटेवर थांबतो. चाळीस वेळा चेंडू दिल्यामुळेच पुढल्या वर्षी गुडघा मोडला, असे कोणीही सिद्ध करू शकणार नाही. खरा प्रश्न निराळा आहे. उच्च माध्यमिक शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला व्यावसायिक संघात जाता येत नाही, असा तिथला नियम आहे. म्हणजे आपल्या पायांतले सर्वांत कसदार दिवस त्याने महाविद्यालयातच घालवायचे. त्या काळी त्याबद्दल शिक्षणाचा व राहण्याजेवणाचा खर्च मिळे, पगार नाही. प्रशिक्षकांचे वेतन मात्र लक्षावधी डॉलरांच्या घरात होते आणि तिकिटांचा पैसा वेगळाच. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला बाहेरून घेता येऊ लागला, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली. लॅटिमोरला यातले काहीच लाभले नाही. त्याच्या धावण्याची किंमत ठरेपर्यंत त्याचे धावणेच संपले होते. चर्चा करायचीच तर या देण्याची करावी.

राहिला जर-तरवाल्यांचा पक्ष. हे लोक त्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम करतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठा अन्यायही नकळत तेच करतात. न खेळलेल्या सामन्यांची त्यांना इतकी हळहळ वाटते की, खेळलेले सामने त्यांच्या नजरेआड होतात. विद्यापीठ सोडताना त्याच्या नावावर ४१ टचडाऊन होते, आणि तो विद्यापीठाचा विक्रम होता. हे जर-तरमधले नाही, घडलेले आहे. व्यावसायिक फुटबॉलमधल्या गेल सेयर्सची गोष्ट पाहा. गुडघ्यांच्या दुखापतींनी त्याची कारकीर्द अवघ्या ६८ सामन्यांत आटोपली. तरीही १९७७ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याला त्या खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. निवडणाऱ्यांनी 'आणखी शंभर सामने खेळला असता तर' असा विचार केला नाही. जे पाहिले तेच पुरेसे मानले.

आणि आणखी एक गोष्ट हे चाहते विसरतात. त्यांच्या आठवणीतला लॅटिमोर अजून त्या ऑक्टोबरच्या दुपारी गुडघा धरून पडलेला आहे. खरा लॅटिमोर केव्हाच उठून पुढे गेला. निवृत्तीनंतर तो विद्यापीठात परतला आणि शिक्षण पुरे केले. एका शाळेत त्याने मुलांना शिकवले. २०१८ पासून सुमारे दोन वर्षे त्याच विद्यापीठाच्या संघात खेळाडूंच्या मैदानाबाहेरील आयुष्याकडे लक्ष देण्याचे काम केले. पुढे तो दूर ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला राहू लागला आणि कवितेकडे वळला. आपल्यासारख्या कला शाखेच्या लोकांना तरी याचे अप्रूप वाटायला हवे!

हे सगळे मी इतक्या आवेशाने का लिहितो आहे, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगून टाकतो. गेल्या वर्षी आपल्या कबड्डी संघाच्या एका गड्याचा गुडघा आंतरमहाविद्यालयीन सामन्यात गेला. त्याआधी दोन सामन्यांत तो लंगडत होता हे आम्हां सर्वांना दिसत होते. तरीही कडेला उभे राहून 'अजून एक चढाई!' असे ओरडणाऱ्यांत मी होतो, आणि माझा आवाज लहान नव्हता. त्याला उचलून नेले तेव्हा आम्ही हळहळलो. आठवडाभराने 'त्याचा गुडघा कच्चाच होता रे' असे आमच्यापैकीच कोणी म्हणाले आणि सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आता तो वर्गात शेवटच्या बाकावर, पाय लांब करता यावा म्हणून कडेला बसतो. त्याचे बुडालेले तास कोणी भरून दिले, टिपणे कोणी दिली, दवाखान्याचा खर्च कोणी केला, याची चौकशी आम्ही केली नाही. त्याच्या जोरावर जिंकलेली ढाल मात्र कपाटात आहे.

भावाने फराळाच्या वेळी ती अमेरिकेतली गोष्ट सांगितली, तेव्हा मला प्रथम त्या बाकाची आठवण झाली.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. खेळाडूचा वारसा ठरवताना त्याने जे केले ते पुरते मोजावे, जे राहिले त्याची उधारी त्याच्या माथी मारू नये, आणि आपण त्याच्याकडून जे घेतले त्याची आठवण ठेवावी. येत्या स्नेहसंमेलनात जिमखान्याचे सत्कार होतील तेव्हा यंदा न खेळलेल्या त्या गड्यालाही व्यासपीठावर बोलवावे, अशी माझी जिमखाना समितीला विनंती आहे. आणि त्याआधी, उद्याच, त्याला माझी इतिहासाची वही नेऊन देण्याचे मी ठरवले आहे.